टोपीचं जर्कीन

आमच्या घरात काहीही आलं की ते आधी आत्तीच्या हातावर जायचं. आत्ती म्हणजे आण्णांची, आमच्या वडलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती उचगावात आमच्याकडंच राहायला आली आणि मग घर तिचंच झालं. वांगी असोत, नारळ असो, शेजारणीचं तान्हं पोर असो, ती ते उजव्या तळव्यावर घ्यायची, डोळे अर्धे मिटायची, हात जरासा खालीवर करायची आणि निकाल द्यायची. एक तर "भरलंय," नाहीतर "पोकळ हाय." त्यावर अपील नाही. तरुणपणी ती गुऱ्हाळावर कामाला होती. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, साच्यातनं निघाला की काट्यावर चढायच्या आधी तिच्या हातावर यायचा, आणि काटा नंतर तिच्याच मागं मागं यायचा, असं ती स्वतः सांगायची. थोडं वाढवून सांगत असेल. पण दवाखान्यातनं वजन करून आणलेली पोरंसुद्धा बायका परत आत्तीच्या हातावर ठेवायच्या, हे मी या डोळ्यांनी बघितलंय. विहारात रविवारची वंदना झाली की खिरीचं पातेलं आधी उचलून बघणारी ती, आणि ते हलकं लागलं तर वाढणाऱ्याची शोभा करणारीही तीच.

घर म्हणजे एक लांबोळकी खोली, मागं चूल-स्टोव्हचा आडोसा आणि पुढं अंगण. खिडकीशी आईचं शिलाई मशीन. गावातल्या पोरींचे शाळेचे ड्रेस, परकर, झबली, जे येईल ते ती शिवायची. मशीनच्या पायडलचा आवाज आमच्या अंगात इतका मुरला होता, की तो थांबला की झोपलेली मी जागी व्हायचे. थंडीच्या दिवसांत हवेत कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड धूर असायचा. पहाटे धुकं अंगणापर्यंत यायचं, तारेवरचे कपडे त्यात अर्धे दिसायचे, अर्धे नाही. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज लांबून आल्यासारखा यायचा. आई चहा टाकायची, आत्ती त्यात बेकरीतला कडक, गोल बटर बुडवायची आणि तो पेल्यात पडला की बटरवाल्याला शिव्या घालायची. माझी पन्नाशी केव्हाच मागं पडली, पण अजूनही आल्याच्या चहाचा वास आला की मला तो धुकट उजेडच आठवतो, आणि त्या उजेडात बुटाच्या नाड्या बांधत बसलेली ताई.

ताई माझ्यापेक्षा मोठी. तिला पोलीस व्हायचं होतं. भरतीसाठी ती गल्लीतल्या दोन मैत्रिणींबरोबर रोज पहाटे उसाच्या शिवारातल्या रस्त्यानं पळायला जायची. आमच्याकडची थंडी काही सिमल्याची नाही, पण पाणी पाजलेल्या उसातनं पहाटे जे गार येतं ते हाडापर्यंत जातं. आणि ताईची छाती लहानपणापासून हळवी. ती चार-पाच वर्षांची असताना एकदा तिचा श्वास लागला, तेव्हा आण्णा तिला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यापर्यंत पळत गेले होते, वाटेत चप्पल गेली तरी थांबले नाहीत. ती गोष्ट ते कधी सांगायचे नाहीत, पण ती त्यांच्या मनातनं कधी गेलीही नाही. ते एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला असायचे. सकाळी घरी आले की आधी ताईच्या श्वासाकडं कान द्यायचे, मग पाय धुवायचे. त्या साली थंडीच्या तोंडाला त्यांनी तिला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. यंदा एकदा जरी छाती भरली तर पळणं बंद, आणि मग गारगोटीच्या पावण्यांना हो म्हणायचं. गारगोटीचं स्थळ चांगलं होतं, मुलगा मास्तर होता, नाव ठेवायला जागा नव्हती. ताई नुसती "बरं" म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

आण्णा दुष्ट नव्हते. अट घातली त्याच आठवड्यात ते स्टँडमागच्या फूटपाथवरनं ताईसाठी एक लालभडक टोपीचं जर्कीन घेऊन आले. हुडी हा शब्द तेव्हा आमच्याकडं यायचा होता. पुढं चेन असली किंवा नसली तरी आम्ही त्याला जर्कीनच म्हणायचो, आणि टोपी असली की टोपीचं जर्कीन. दिसायला झकास. आत्तीनं ते तळव्यावर घेतलं आणि तोंड वाकडं केलं. कांद्याचं साल ह्याच्यापेक्षा जड असतं म्हणाली. खरंच होतं. कापड एवढं विरळ की दिव्यासमोर धरलं तर पलीकडं भिंतीवरची खुंटी दिसायची. दोन-तीन धुण्यांत त्याची कोपरं फुगली, अंगावर बारीक गोळे आले, आणि बाजूची शिवण फिरून फिरून ताईच्या पोटावर आली. वारं तर त्यातनं आरपार जायचं. आण्णा हिरमुसले. त्यांची समजूत घालायला आई म्हणाली की रंग चांगला आहे. मग तिनं ठरवलं की असलं काही आपणच शिवायचं.

कापड आणायला आम्ही तिघी लक्ष्मीपुरीत गेलो. आई, आत्ती आणि पिशव्या धरायला मी. होजिअरीचं कापड, म्हणजे बनियनसारखं विणलेलं, ओढलं की ताणणारं, ते मीटरवर नाही, किलोवर विकतात हे मला त्या दिवशी कळलं. दुकानात कापडाचे गोल गठ्ठे आणि मधोमध लोंबता तराजू. आत्तीला माहेरी आल्यासारखं झालं. दुकानदार म्हातारा होता, गळ्यात टेप, कानात पेन्सिल. त्यानं आईला सांगितलं की ह्या कापडाची जात 'जीएसएम'वर ओळखायची, म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकडा किती ग्रॅम भरतो ते. मग त्यानं दोन गठ्ठे पुढं ओढले. एक मधल्या वजनाचा, घट्ट विणीचा, आतल्या बाजूला दोऱ्याच्या बारीक बारीक कड्या असलेला. दुसरा दांडगा, आतनं मऊ लव उभी केलेला, हात घातला की हात बुडावा असा. आणि त्यानं विचारलं, "थंडीत बसणाऱ्याला पायजे का हिंडणाऱ्याला?"

आत्तीनं त्याच्याकडं बघितलं. "थंडी काय बसणाऱ्याला येगळी आन् हिंडणाऱ्याला येगळी आसती व्हय?"

म्हाताऱ्यानं दोन्ही गठ्ठे उलगडले. आत्तीनं दोन्ही कापडांच्या सारख्या घड्या करायला लावल्या, एक एका तळव्यावर, दुसरी दुसऱ्या तळव्यावर घेतली आणि डोळे मिटले. मला अजून तिचा तो चेहरा दिसतो, एवढ्या गर्दीच्या बाजारात एकटीच कुठंतरी लांब गेल्यासारखा. जड तेच टिकंल, म्हणाली. आई मधलं कापड चिमटीत धरून ओढत होती, सोडत होती, परत ओढत होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण थोरल्या नणंदेच्या हाताला भर दुकानात कोण खोटं पाडणार? तिनं ते कापड गुपचूप खाली ठेवलं, आणि दांडगा गठ्ठा तराजूवर चढला.

ते जर्कीन शिवताना मशीन अक्षरशः रडलं. खिशाच्या कोपऱ्यात कापडाचे चार थर एकत्र आले की सुई कटकन मोडायची. आई चाकाला हात लावून एकेक टाका पुढं ढकलायची. टोपी दुहेरी केली, मनगटाला आणि कमरेला घट्ट पट्टी लावली. झालं तेव्हा ते खुंटीवर टांगलं तर खुंटीच हलली. ताईनं घातलं आणि आम्ही हसून लोळायची वेळ आली, कारण आत ताई होती हे फक्त नाकावरनं कळत होतं. पण ऊब! पहिले काही दिवस घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी निमित्त काढून ते घालायचं. मी ते घालून चहा करायचे, आई ते मांडीवर घेऊन भाजी निवडायची. आत हात घातला की वाटायचं, उन्हात ठेवलेल्या गोधडीत शिरलोय. त्या उबेत मी एका सकाळी उंबऱ्यावर बसल्या बसल्या झोपले होते, आणि धुकं माझ्या पायावरनं घरात शिरत होतं, असं मला आठवतं. खरंच तसं झालं होतं का, देव जाणे.

परवा ताईच्या मुलानं मोबाईलवरनं असंच एक मागवलं. खोकं फोडत मला म्हणाला, "मावशी, चारशे जीएसएम हाय, हेवीवेट." मी म्हटलं, बाळा, बसायला घेतलंस का पळायला? त्याला वाटलं मावशीची गाडी घसरली. चूक त्याची नाही. जड कापड वाईट नसतंच मुळी. ते लवकर फाटत नाही, कोपरात विरत नाही, वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. हलकं लवकर जातं, हे आत्तीचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. फक्त कापडाला टिकायचंय तसं आतल्या माणसालाही टिकायचं असतं.

ताई ते घालून पळू लागली. जाताना ऊब, पण शिवाराच्या मध्यावर पोचेपर्यंत आत घामाच्या धारा. ती सगळी लव घाम पिऊन बसायची, टोपी ओली होऊन मागं ओढायची आणि गळा आवळायचा. परतताना वारं सुटलं की तेच कापड अंगाला गार चिकटायचं. घरी आल्यावर ती ते अंगणातल्या तारेवर टाकायची. धुक्याचे दिवस, दुपारचं ऊन तासा-दोन तासांचं. संध्याकाळी मी ते काढून आणायचे. आणि पहाटे ते ताईला द्यायचं काम आत्तीचं. ती हात लावून बघायची, गार लागायचं, पण थंडीत कुठलं कापड गार लागत नाही? मग सवयीनं ती ते तळव्यावर घ्यायची आणि खुशीत यायची. एवढं धुतलं, एवढं वापरलं, तरी बघा, वजन तसूभर हललं नाही. उलट वाढलंय म्हणायची. आईला अभिमानानं सांगायची की असलं कापड सात जन्म जायचं नाही. ताईला त्या जड बाह्या रोज थोड्या जास्तच जड लागायच्या, पण आत्तीच्या कौतुकापुढं ती काय बोलणार. टोपी डोक्यावर ओढून ती धुक्यात जायची.

मग एका सकाळी ती पळून आली आणि पायरीवरच बसली. तिच्या छातीतनं तो आवाज येत होता, जुना, शिट्टीसारखा. आण्णा नुकतेच पाळीवरनं आले होते. त्यांनी पाय धुतले नाहीत. रिक्षा आणली, तिला नेलं, दुपारी परत आणलं. पुढचे दिवस घरात निलगिरीचा वास आणि हुलग्याच्या माडग्याची वाफ. आई वाटी वाटी माडगं तिला पाजायची. मशीन बंद होतं. ताई बरी झाली, पण आण्णांनी तिचे बूट उचलून वरच्या फळीवर, ट्रंकेमागं ठेवले. गारगोटीला निरोप गेला की रविवारी यावं. ताई भिंतीकडं तोंड करून पडून असायची. मी जवळ गेले की म्हणायची, झोप आलीय. तिला झोप आलेली नसायची. मला तेव्हा आण्णांचा इतका राग आला होता, की मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही, एवढे ते स्वतःच्या भीतीत होते.

ते जर्कीन तारेवरच राहिलं होतं. कुणी घालायला नाही, कुणी काढायला नाही. मधेच आभाळ स्वच्छ झालं, दोन-चार दिवस कडक ऊन पडलं. एका दुपारी आत्ती वाळवणं काढायला गेली आणि जाता जाता तेही ओढून घेतलं. सवयीनं तळव्यावर धरलं. मी उंबऱ्यात बसले होते. तिचा हात खालीवर झाला, थांबला, परत झाला. तिनं डोळे उघडले. आईला हाक मारून विचारलं, ह्यातलं काय काढलंस का, टोपीतला थर काढलास का. आई म्हणाली, काहीच काढलं नाही. आत्तीनं परत जोखलं. मग ती जर्कीन मांडीवर घेऊन अंगणातल्या दगडावर बसली आणि ऊन उतरेपर्यंत उठली नाही. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. मला काही कळलं नाही. एवढंच वाटलं की आत्ती अचानक म्हातारी दिसायला लागलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा पाळीवरनं आले, भाकरी खायला बसले. खर्डा, भाकरी, वाटीत दही. आत्ती येऊन त्यांच्या समोर बसली आणि जर्कीन त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल गड्यासारखं बोलतात, मी आलो, मी गेलो असं. ती तसंच बोलली.

"तुझी पोरगी नाजूक न्हाय. मी तिला रोज पहाटं वलं कापड घालून धाडलं. पाण्याचं वजन मी कापडाचं समजलो. चूक माझ्या हाताची हाय, तिच्या छातीची न्हाय."

आण्णांचा घास हातातच राहिला. आत्तीचा हात चुकतो, हे आमच्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते तिच्याच तोंडून ऐकायचं म्हणजे भिंतीनं बोलावं तसं. तो परत ताटात ठेवून ते म्हणाले, "आन् परत झालं तर? तू न्हाईस तिला घिऊन पळालीस. मी पळालोय."

"व्हय की. तू पळालास म्हणून ती हाय," आत्ती म्हणाली. "आता तिला पळू दे."

भिंतीकडं तोंड केलेली ताई हुंदका दाबत होती, तो सगळ्यांना ऐकू आला. आण्णांनी भाकरी संपवली. ताटात हात धुतला. मग नेहमीच्या आवाजात विचारलं की ह्या वेळी कापड कोण बघणार. शांता बघंल, मी पिशवी धरतो, असं आत्ती म्हणाली. शांता म्हणजे आई. आण्णांनी फळीवरनं बूट काढले, धूळ झटकली आणि पाळीचा माणूस झोपतो तसे तोंडावर पांघरूण घेऊन झोपले. गारगोटीला दुसरा निरोप गेला की भरती होऊ दे, मग बघू. मास्तर भला माणूस, पुढं त्याचं दुसरीकडं चांगलं झालं.

आई ह्या वेळी नुसती दुकानात जाऊन आली नाही. तिनं त्या मधल्या कापडाची पट्टी मागून आणली, घरातल्या जाड कापडाच्या कातरणातनं तेवढीच दुसरी घेतली, दोन्ही भिजवल्या, पिळल्या आणि सावलीत तारेवर टाकल्या. आत्ती तिच्या मागं मागं. थोड्या वेळानं आत्ती हात लावून म्हणाली, दोन्ही सारख्याच गार लागतात. तेव्हा आईनं एक पट्टी तिच्या गालाला लावली, मग दुसरी. हाताला गार आणि ओलं एकच लागतं, गालाला फरक कळतो, हे तान्ह्याची दुपटी वाळवलेल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. आत्तीला मूल झालं नव्हतं. तिनं डोळे मिटून दोन्ही पट्ट्या पुन्हा गालाला लावल्या, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. आईनं तिच्याकडं बघायचं टाळलं आणि कातरणं गोळा करत बसली.

मधल्या कापडाची पट्टी आधी वाळली. ओढून सोडली तर मुकाट जागेवरही आली. त्याचं नवं जर्कीन झालं, निळं, एकेरी टोपीचं, पुढं चेन, म्हणजे घाम आला की उघडता यावं. मशीन ह्या वेळी रडलं नाही. आणि ते दांडगं जर्कीन आण्णांनी गेटवर न्यायला सुरुवात केली. खुर्चीत बसून रात्र काढणाऱ्या माणसासाठी त्याच्यासारखं कापड नाही. त्यांनी ते रिटायर होईपर्यंत वापरलं, त्याचं कोपरसुद्धा विरलं नाही. आत्ती अधूनमधून त्याच्याकडं बोट दाखवून सांगायची, टिकंल म्हणलोतो का न्हाय? आम्ही म्हणायचो, व्हय आत्ती, म्हणलीस.

भरतीच्या दिवशी आम्ही सगळे मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे होतो. आण्णा पाळी संपवून तसेच आले होते, तेच जाडजूड जर्कीन अंगात घालून. पोरींना छातीवर नंबर लावायचे होते, म्हणून ताईनं निळं जर्कीन काढून कुंपणावरनं आत्तीकडं दिलं. धुकं अजून मैदानावर होतं. पोरी सुटल्या आणि पलीकडच्या वळणावर त्या नुसत्या सावल्या झाल्या. कुठली आपली ते ओळखू येईना. आण्णांनी कुंपणाची तार मुठीत धरली होती. ते ताईकडं बघत नव्हतेच, कान देऊन ऐकत होते. मग धुक्यातनं पहिल्या चार-पाच जणी बाहेर आल्या आणि त्यांत ताई होती. तिचं नाव यादीत लागलं ते पुढं, आणि घरी पेढे आले तेही पुढं. त्या क्षणी ती फक्त धापा टाकत आमच्याकडं येत होती, घामानं निथळत, आणि तिच्या छातीत शिट्टी नव्हती.

आत्तीनं जर्कीन उजव्या तळव्यावर घेतलं. हात खालीवर व्हायला निघाला आणि मधेच थांबला. तिनं ते उचलून गालाला लावलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली. "घाल."